'मैत्रीभावना'तली भावना

परभणीच्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. वर्षावासात, म्हणजे बौद्ध परंपरेतल्या पावसाळ्याच्या साधनाकाळात, त्या रोज संध्याकाळी विहारात मैत्रीभावनेला, म्हणजे सगळ्यांविषयी मैत्री वाढवण्याच्या ध्यानाला, बसतात. "पंधरा दिवस झाले, डोळे मिटून बसते, पण भावनाच येत नाही. मन कोरडं राहतं. माझं काही चुकतंय का? आणि ध्यानाला 'भावना' का म्हणतात?"

ताई, तुमचं काही चुकत नाही. घोळ शब्दाचा आहे. आजच्या मराठीत भावना आपोआप येते, दाटते, दुखावते. पालीतली, म्हणजे जुन्या बौद्ध ग्रंथांच्या भाषेतली, भावना करावी लागते. 'भू' म्हणजे होणे. त्याचं प्रयोजक रूप 'भावेति', म्हणजे होईल असं करणे, वाढवणे. आणि त्याचं नाम भावना. समथभावना (मन शांत करण्याचं ध्यान), विपस्सनाभावना (नीट पाहून समजून घेण्याचं ध्यान) हे शब्द याच अर्थाचे. मैत्रीवरचं करणीय मेत्त सुत्त तुम्ही विहारात म्हणत असालच: 'मेत्तञ्च सब्बलोकस्मिं मानसं भावये अपरिमाणं'. यातलं 'भावये' विध्यर्थी आहे. सगळ्या जगाविषयी मैत्रीचं अमर्याद मन वाढवावं, असं ते सांगतं. मैत्री वाटली पाहिजे, अशी अट त्यात कुठंच नाही.

हा जुना अर्थ आपल्याकडून पुरता गेलेलाही नाही. एखाद्या वैद्याला विचारून बघा. आवळ्याच्या चूर्णाला आवळ्याच्याच रसाची भावना देतात: चूर्ण रसात भिजवायचं, खलायचं, वाळवायचं, की पुन्हा रस. सात भावना दिल्या, एकवीस दिल्या, असं मोजून सांगतात. मोजता येणारी भावना! मला हा प्रयोग फार आवडतो, कारण त्यात पालीतल्या शब्दाचा कष्टाळूपणा जसाच्या तसा राहिला आहे.

मराठी प्रतिशब्द हवा असेल तर मी 'मशागत' म्हणेन. आपल्या भागात उन्हाळ्यात रानाला वखराच्या पाळ्या घालतात, तेव्हा रान कोरडंच असतं. पाळी घालणारा माणूस ढेकळांत हिरवं काही दिसतंय का, हे बघत थांबत नाही. तुमचे पंधरा दिवस तसे धरा.

आता बसायचं कसं, तेही थोडं सांगतो. आचार्य बुद्धघोषांच्या विसुद्धिमग्ग या जुन्या पाली ग्रंथात क्रम दिलेला आहे. आधी स्वतः: 'अहं सुखितो होमि', मी सुखी होवो. (हे 'होमि'सुद्धा त्याच 'भू'चं.) मग ज्यांच्याविषयी आदर आहे असं माणूस, मग जिवलग, मग ज्याच्याशी ना घेणं ना देणं असा कुणी, आणि वैरी सगळ्यात शेवटी. नवे साधक पुष्कळदा वैऱ्यापासूनच सुरुवात करतात आणि मन आणखी आवळून घेतात. भावकीतल्या भांडणाचं माणूस इतक्यात समोर आणू नका. सध्या पहिलं वाक्यच रोज म्हणा. मराठीत म्हटलं तरी चालतं.