चुरस, तुल्यबळ आणि विषमता: प्रीमियर लीगच्या निमित्ताने

इंग्लंडच्या प्रीमियर लीग या फुटबॉल स्पर्धेवर लेख लिहिणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, क्रीडा-अर्थशास्त्रातील ‘कॉम्पिटिटिव्ह बॅलन्स’ (म्हणजे स्पर्धेतील संघ एकमेकांच्या किती तोडीचे आहेत) या संज्ञेसाठी मराठीत ‘चुरस’ हा शब्द चालेल, की ‘स्पर्धात्मक समतोल’ असाच शब्द योजावा लागेल. ‘इनइक्वॅलिटी’साठी ‘असमानता’ बरा की ‘विषमता’, असा त्यांचा दुसरा प्रश्न आहे. माझ्या मते ‘चुरस’ येथे अपुरा पडतो, ‘स्पर्धात्मक समतोल’ गैरसमज निर्माण करतो, आणि आपल्याला हवा असलेला अर्थ ‘तुल्यबळ’ या रुळलेल्या शब्दात आधीपासूनच आहे.

चुरस लागायला दोन स्पर्धक पुरतात. बाकीचे कितीही मागे असले तरी त्या दोघांतील चुरस कमी होत नाही. २०१८-१९चा हंगाम याचे उत्तम उदाहरण आहे. त्या हंगामात लिव्हरपूलने ३८ पैकी एकच सामना गमावला आणि ९७ गुण मिळवले. तरीही ९८ गुण मिळवणारा मँचेस्टर सिटी विजेता ठरला. १२ मे २०१९ रोजी, म्हणजे अखेरच्या दिवशी, लिव्हरपूल आपल्या सामन्यात आघाडीवर असताना ग्लेन मरेने ब्रायटनकडून सिटीवर गोल केला आणि विजेतेपद लिव्हरपूलकडे झुकले. पण दीड मिनिटाच्या आत सिटीच्या अ‍ॅग्वेरोने बरोबरी साधली आणि सिटीने तो सामना ४-१ असा जिंकला. याहून मोठी चुरस ती कोणती? मात्र त्याच गुणतक्त्यात तिसऱ्या क्रमांकावरील चेल्सीचे ७२ गुण होते, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या संघात २५ गुणांची तफावत पडली होती. विजेतेपदाची चुरस शिगेला पोहोचलेली असताना वीस संघांची ती स्पर्धा मात्र तुल्यबळ राहिलेली नव्हती. म्हणून ‘लीगमधील चुरस कमी झाली’ हे विधान त्या हंगामापुरते सरळसरळ खोटे ठरते, आणि ‘लीगमधील संघ तुल्यबळ राहिले नाहीत’ हे विधान खरे ठरते.

‘स्पर्धात्मक समतोल’ची अडचण वेगळी आहे. आपल्या क्रीडापानांवर ‘समतोल’ हा शब्द एका संघाच्या आतल्या बांधणीसाठी वापरला जातो. फलंदाज आणि गोलंदाज यांचे प्रमाण योग्य असलेल्या संघाला आपण समतोल संघ म्हणतो. त्यामुळे ‘प्रीमियर लीगमधील समतोल ढासळला’ असे वाचल्यावर नेमके काय आणि कोणाच्या तुलनेत ढासळले, हे वाचकाला कळत नाही. शिवाय मराठीत ‘स्पर्धा’ म्हणजे चढाओढही आणि आयोजित केलेली मालिकाही, त्यामुळे ‘स्पर्धात्मक’ हे विशेषण यातील कोणत्या अर्थाने घ्यायचे, हा संदिग्धपणा वाढतोच.

‘तुल्यबळ’मध्ये मात्र किमान दोन पक्ष आणि त्यांच्या बळाची तुलना गृहीतच असते. जत्रेतल्या कुस्तीच्या फडात जोड ठरवताना दोन्ही मल्ल तोडीचे आहेत ना, हे आधी पाहतात, कारण जोड विजोड असेल तर निकाल कुस्तीआधीच लागलेला असतो. सायमन रॉटेनबर्ग या अर्थतज्ज्ञाने १९५६ मध्ये अमेरिकेतील बेसबॉलविषयी लिहिताना हेच सूत्र मांडले होते: निकाल अनिश्चित असला तरच प्रेक्षक येतात आणि त्यासाठी संघांचे बळ जवळपास सारखे असावे लागते. नाम म्हणून ‘तुल्यबळता’ हे रूप काहींना जड वाटेल, पण ते नियमात बसते आणि चटकन समजते. वाक्यात शक्य असेल तेथे विशेषणच ठेवावे, हे अधिक चांगले.

येथे ‘मक्तेदारी’ हा शब्दही वेगळा ठेवायला हवा, कारण एकाच क्लबाने वारंवार जिंकणे ही आजची गोष्ट नाही. १९७३ ते १९९० या अठरा हंगामांत लिव्हरपूलने अकरा वेळा इंग्लंडच्या वरच्या श्रेणीचे विजेतेपद मिळवले. तरीही त्याच काळात, १९७७ मध्ये खालच्या श्रेणीतून वर आलेल्या नॉटिंगहॅम फॉरेस्टने ब्रायन क्लफ यांच्या मार्गदर्शनाखाली १९७८ मध्ये थेट विजेतेपद पटकावले. त्याआधी, १९६० ते १९६९ या दहा हंगामांत तर आठ वेगवेगळे क्लब विजेते झाले आणि त्यांत बर्नली आणि इप्सविचसारखे छोटे क्लबही होते. याउलट २०१५ ते २०२४ या दहा हंगामांत विजेते चारच, आणि २०१६ मधील छोट्या लेस्टरचा विजय सोडला तर बाकीचे तिघे चेल्सी, सिटी आणि लिव्हरपूल. लेस्टरचे ते यश मला आजही रोमांचित करते, पण त्यामुळे सर्व संघ तुल्यबळ आहेत असे म्हणता येणार नाही.

आता ‘विषमता’. ‘असमानता’ हा शब्द दोन गोष्टी सारख्या नाहीत एवढेच सांगतो, तर ‘आर्थिक विषमता’ म्हणताच वाटपाचा आणि न्यायाचा प्रश्न उभा राहतो. इंग्लिश फुटबॉलमध्ये तोच प्रश्न आहे. लीगच्या सामन्यांच्या तिकीटविक्रीतील ठरावीक वाटा पाहुण्या क्लबाला देण्याची पद्धत १९८३ मध्ये बंद झाली. १९९२ मध्ये वरच्या श्रेणीचे क्लब ‘फुटबॉल लीग’ या जुन्या संघटनेतून बाहेर पडले, त्यांनी प्रीमियर लीग सुरू केली आणि दूरचित्रवाणीचा पैसा मुख्यतः त्यांच्याकडेच राहू लागला. लीगच्या आत देशांतर्गत प्रक्षेपणाच्या रकमेचा निम्मा भाग आजही समान वाटला जातो, हे मान्यच करावे लागेल. मात्र चॅम्पियन्स लीग या युरोपातील अव्वल क्लबांच्या स्पर्धेचे उत्पन्न, जाहिरातींचे करार आणि २००३ नंतर चेल्सीत व २००८ नंतर सिटीत आलेले धनाढ्य मालक यांना तो नियम लागू नाही. म्हणून कारणाला ‘विषमता’ म्हणावे आणि परिणामाला ‘संघ तुल्यबळ न राहणे’. लेखात या दोहोंची अदलाबदल झाली की युक्तिवादच कोलमडतो.

जोडीची क्रियापदेही सांभाळावीत: विषमता वाढते, तफावत पडते आणि दरी रुंदावते. ‘दरी’ हा शब्द मी दोन श्रेणींमधील अंतरासाठी राखून ठेवीन. २०२३-२४ मध्ये ल्युटन, बर्नली आणि शेफील्ड युनायटेड, तर २०२४-२५ मध्ये लेस्टर, इप्सविच आणि साउदॅम्प्टन, असे खालच्या श्रेणीतून वर आलेले तिन्ही संघ सलग दोन हंगाम त्याच वर्षी परत खाली गेले. तेथे ‘तफावत’ फारच सौम्य वाटतो आणि ‘दरी’च योग्य ठरतो.