भाषाशंका : ‘ने’ म्हणजे देणारा की घेणारा?

प्रश्न : मी एका दुकानात हिशेब लिहिते. शेठ गुजराती आहेत, निरोप मोबाइलवर पाठवतात आणि तेही रोमन लिपीत. परवा ‘रमेशने पांच हजार आप्या’ असा निरोप आला. मी रमेशच्या खात्यात पाच हजार जमा केले. शेठ म्हणाले, पैसे त्याला दिले होते! चूक कुणाची? (मुलुंड)

उत्तर : शेठचं वाक्य बरोबर आहे, तुम्ही ते मराठीसारखं वाचलंत. गुजरातीतला ‘ने’ म्हणजे आपला ‘ला’. ‘रमेशने आप्या’ म्हणजे रमेशला दिले. रमेशने दिले असते, तर ‘रमेशे आप्या’ झालं असतं. ‘राम’चं मराठीत ‘रामाने’ होतं, तिथे निदान मधला ‘आ’ सावध करतो. पण रमेश, सुरेश, महेश ही नावं आपण आता जशीच्या तशी ठेवतो. त्यामुळे मराठी ‘रमेशने’, हिंदी ‘रमेश ने’ आणि गुजराती ‘रमेशने’ कानाला एकच लागतात. पहिल्या दोन भाषांत रमेश देणारा, तिसरीत घेणारा.

‘रमेशे’ हे रूप परकं वाटत असेल तर पसायदान आठवा. ‘आता विश्वात्मके देवे, येणे वाग्यज्ञे तोषावे’ यात ‘देवे’ म्हणजे देवाने आणि ‘येणे वाग्यज्ञे’ म्हणजे या वाग्यज्ञाने. गुजरातीने हा ‘ए’ राखला, आपण ‘ने’वर आलो.

खरा घोळ सर्वनामांत होतो. गुजराती ‘मने’ म्हणजे मला, ‘तने’ म्हणजे तुला, ‘अमने’ म्हणजे आम्हाला. म्हणजे हिंदी ‘मैंने कहा’ असेल तर बोलणारा मी, आणि गुजराती ‘मने कह्युं’ असेल तर ऐकणारा मी. पुढे तर फरक एका अक्षराचा : ‘एणे’ म्हणजे त्याने, ‘एने’ म्हणजे त्याला, ‘कोणे’ म्हणजे कोणी, ‘कोने’ म्हणजे कोणाला. गुजराती लिपीत ण आणि न वेगळे दिसतात. रोमनमध्ये लोक दोन्हींसाठी एकच अक्षर टाइप करतात आणि देणारा-घेणारा एक होऊन बसतात.

म्हणून शेठना दोनच गोष्टी सांगा. पैसे आले असतील तर ‘रमेश पासेथी आव्या’ असं लिहावं, म्हणजे रमेशकडून आले. आणि प्रत्येक निरोपाच्या शेवटी ‘जमा’ किंवा ‘उधार’ लिहावं. ‘जमा’ दोन्हीकडे सारखंच. गुजराती चोपडीतलं ‘उधार’ म्हणजे आपल्या खतावणीतली ‘नावे’ (डेबिट) बाजू. वाक्यावरून अंदाज बांधत नोंद करू नका.

प्रश्न : मुलाच्या हिंदीच्या वहीत ‘उसने किताब लाई’ आणि ‘वह पानी पिया’ या दोन्ही वाक्यांवर लाल रेघ आहे. एकदा ‘ने’ नको, एकदा हवा. नियम तरी काय? (परळ)

उत्तर : नियम दोन्ही भाषांत जवळपास एकच आहे : सकर्मक क्रियापद, भूतकाळ, की कर्त्याला ‘ने’. अपवाद मात्र वेगवेगळे आहेत. हिंदीत लाना, भूलना, बोलना यांना ‘ने’ लागत नाही. ‘लाना’ हे मुळात ‘ले आना’, म्हणून ते ‘आना’सारखं चालतं : ‘वह किताब लाया’. मराठीत पिणे, शिकणे, विसरणे, जेवणे, बोलणे, म्हणणे यांना ‘ने’ नाही : तो पाणी प्यायला, ती गाणं शिकली. विसरणे-भूलना आणि बोलणे-बोलना जुळतात, ते सोडून द्या. मुलाकडून एवढंच घोटून घ्या : ‘लाना’ला ‘ने’ नाही, पीना, सीखना, कहना यांना आहे.

शिवाय मराठीत मी, तू, आम्ही, तुम्ही यांना ‘ने’ लागतच नाही, हिंदीत मैंने, तूने, हमने, तुमने म्हणावंच लागतं. मुंबईच्या हिंदीत ‘मैं किया’ खपून जातं, पेपरात मार्क जातात. साधन सांगतानाही तेच : आपण चाकूने कापतो आणि लोकलने जातो, हिंदीत दोन्हीकडे ‘से’.

प्रश्न : दिल्लीचे सहकारी ‘मैंने जाना है’ म्हणतात. गेले की जायचे आहेत? (पवई)

उत्तर : जायचे आहेत. पुस्तकी हिंदीत ‘मुझे जाना है’. दिल्ली-पंजाबकडे बोलताना इथे ‘ने’ येतो, आणि हरियाणवीत तर त्याने आणि त्याला या दोन्हींसाठी तोच चालतो. पुढे ‘जाना है’, ‘करना है’ असेल तर ‘ला’ समजा.

प्रश्न : मुलगा बोटीवर लागतोय. कप्तान ग्रीक, इंजिनिअर क्रोएशियन. दोघंही ‘ने’ म्हणतात, अर्थ उलटे म्हणे? (उरण)

उत्तर : अगदी उलटे. ग्रीक ‘ने’ म्हणजे हो. नाही म्हणायला ‘ओही’, आणि पुष्कळदा नुसती मान किंवा भुवया वर जातात. क्रोएशियन ‘ने’ म्हणजे नाही. तो आपल्या ‘न’चा दूरचा भाऊबंद, ग्रीक ‘ने’चा त्याच्याशी संबंध नाही. कामाच्या वेळी अंदाज नकोच. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेल्या ठरावीक इंग्रजी वाक्यांत नुसतं ‘यस’ किंवा ‘नो’ पुरत नाही, त्यामागे पूर्ण वाक्य बोलायचं असतं. मुलाने ती वाक्यं पाठ करावीत.

इतर बंदरांसाठी : कोरियन ‘ने’ म्हणजे हो, फोनवर आपल्या ‘हं, हं’सारखाही वापरतात. जपानी वाक्याच्या शेवटचा ‘ने’ म्हणजे आपला ‘हो ना?’मधला ‘ना’. तुर्कीत ‘ने?’ म्हणजे काय?

प्रश्न : ‘बेस्ट ने’ की ‘बेस्टने’? (दादर)

उत्तर : मराठीत प्रत्यय जोडूनच लिहायचा : बेस्टने, लोकलने. सुटा ‘ने’ हिंदीत, तोही नामानंतर. सर्वनामाला तिथेही जोडतात : उसने, मैंने. मराठीत सुटा ‘ने’ लिहिला तर ती आज्ञा होते : छत्री ने. अनेकवचनात आणि आदरार्थी ‘नी’ येतो, तो दीर्घ : मुलांनी, वडिलांनी. ऱ्हस्व ‘नि’ म्हणजे आणि.