जोडीदार कुठल्या राज्याचा, हे शेवटी लिही

प्रिय मित्रा,

तुझा लेख परवा रात्री वाचला. हात चांगला बसलाय. तक्रार आहे ती पहिल्याच वाक्याबद्दल: 'अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार जिथे कमजोर असतो, तिथला उपाध्यक्षपदाचा जोडीदार घेतो.' तिकीटवाटपाच्या बातम्या लिहून लिहून आपल्याला खोडच लागली आहे, कुठलीही निवड दिसली की आधी तालुका आणि जात शोधायची. मीही बरीच वर्षं तेच केलं.

तू दिलेलं केनेडी-जॉन्सनचं उदाहरणच घे. १९६० साली जोडीदार जॉन्सन यांच्या टेक्सासची २४ निर्वाचक मतं (राज्याराज्याचे निर्वाचक अध्यक्ष निवडतात, ती मतं) केनेडींना मिळाली, खरं आहे. पण बेरीज कर. केनेडींना ३०३ मतं पडली, लागत होती २६९. टेक्सास प्रतिस्पर्धी निक्सनच्या पदरात टाकलं तरी २७९ उरतात. जॉन्सन यांचा उपयोग दक्षिणेत इतरत्रही झाला असेल, नाही म्हणत नाही, पण 'टेक्सासने तारलं' असं छातीठोकपणे लिहू नकोस. मिट रॉम्नींचे जोडीदार पॉल रायन विस्कॉन्सिनचे. २०१२ मध्ये विस्कॉन्सिन ओबामांनीच नेलं.

मी आधी बघतो ते हे, की निवडायला वेळ किती दिला आणि विचारलं काय.

जुलै १९७२, मायामी बीच. जॉर्ज मॅकगव्हर्न यांना डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळाली होती, पण जोडीदार ठरलेला नव्हता. जॉन केनेडींचे धाकटे भाऊ टेड केनेडी येतील या आशेवर ते बसले होते; ते नाही म्हणाले. आणखी काहींनी हात वर केले. नाव द्यायची मुदत त्याच दुपारची. शेवटी मिसुरीचे सिनेटर टॉम ईगलटन यांना फोन गेला. मॅकगव्हर्न मोजकंच बोलले, मग त्यांचे सहकारी फ्रँक मँकिविझ यांनी फोन घेऊन विचारलं, मागची काही भानगड नाही ना? नाही, असं उत्तर आलं. झाली निवड!

ईगलटन यांना पूर्वी नैराश्यासाठी तीनदा रुग्णालयात दाखल केलं होतं, विजेचे झटके देऊन उपचारही झाले होते. त्यांच्या लेखी ती भानगड नव्हतीच. आजार होता, बरा झाला. 'कधी रुग्णालयात होतात का?' एवढं कुणी विचारलं असतं तर? गोष्ट बाहेर आली तेव्हा मॅकगव्हर्न म्हणाले, मी हजार टक्के त्यांच्या पाठीशी आहे. आणि ३१ जुलैला ईगलटन बाहेर पडले. निवडीला तीन आठवडेही झाले नव्हते. नोव्हेंबरात मॅकगव्हर्न यांच्या हाती लागलं मॅसॅच्युसेट्स आणि राजधानी वॉशिंग्टन, बस्स. निक्सन यांच्यापुढे ते हरणार होतेच म्हणा. तरी आजारापेक्षा ते हजार टक्के त्यांना जास्त महागात पडले, असं मला वाटतं.

चार वर्षांनी त्याच पक्षाचे उमेदवार जिमी कार्टर यांनी घाई केली नाही. इच्छुकांना जॉर्जियातल्या प्लेन्सच्या घरी बोलावून घेतलं, बसून बोलले आणि मग मॉन्डेल यांना निवडलं. व्हाइट हाऊसच्या वेस्ट विंगमध्ये, म्हणजे अध्यक्षांचं कार्यालय असतं त्या भागात, खोली मिळालेले ते पहिले उपाध्यक्ष. आता तर वकिलांची फौज बसते. करविवरणपत्रं, आजारपणं, जुनी भाषणं, सगळं उपसलं जातं. अर्थात त्यातही गमती होतात. २००० साली बुश यांच्यासाठी जोडीदार शोधायचं काम डिक चेनींकडे होतं. सापडले तेही चेनीच.

त्यावरून आठवलं, तुझी एक चूक आजच दुरुस्त कर. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष एकाच राज्याचे असू शकत नाहीत, असं अमेरिकेच्या घटनेत कुठेही नाही. बंधन आहे ते निर्वाचकावर: त्याने स्वतःच्याच राज्यातल्या दोघांना दोन्ही पदांसाठी मत द्यायचं नाही. बुश आणि चेनी दोघंही टेक्सासला राहत. म्हणून चेनींनी मतदार नोंदणी वायोमिंगला हलवली, नाहीतर टेक्सासच्या निर्वाचकांना दोघांनाही मत देता आलं नसतं. टेक्सासची मतं ३२, बुश यांची एकूण २७१ आणि हवी होती २७०. किती बारीक दोरीवरून चालले होते बघ. हे घाल लेखात.

आणि ट्रुमन यांचा परिच्छेद तळाला का टाकलास? तो वर घे. अध्यक्ष रूझवेल्ट यांची प्रकृती ढासळल्याचं १९४४ मध्ये पक्षाच्या धुरिणांना दिसत होतं, म्हणून तर तेव्हाचे उपाध्यक्ष वॉलेस यांच्या जागी ट्रुमन आले. तरी उपाध्यक्षपदाच्या ८२ दिवसांत त्यांना अणुबाँबच्या प्रकल्पाची नीट माहिती कुणी दिली नाही. ती मिळाली रूझवेल्ट वारल्यावर, ते स्वतः अध्यक्ष झाले तेव्हा.

गुरुवारपर्यंत पाठव. मथळ्याचं मी बघतो.

तुझा,
काका