मित्र लिनक्ससाठी स्वतःची डेस्कटॉप थीम बनवतोय, अजून अर्धवट आहे आणि माझं मत विचारतोय. मी डिझायनर नाही. काय सांगू?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, 'सध्या "मस्त झालीय" एवढं कळवलंय, पण तो आणखी विचारतोय.' ते वाचलं आणि हातातलं प्रूफ बाजूला ठेवून लिहायला बसले. आधी ते 'मस्त झालीय' परत घ्या. कोणीतरी महिनोन्‌महिने रात्री जागून एक गोष्ट बनवतो, बिचकत बिचकत तुमच्यापुढे ठेवतो, आणि तुम्ही दोन शब्दांवर त्याची बोळवण करता. त्यापेक्षा 'मला वेळ नाही' हे सांगितलेलं बरं. निदान तो दुसऱ्या कोणाला तरी विचारेल.

डिझायनर मीही नाही. पुण्यात नारायण पेठेत गेली सव्वीस वर्षं मुद्रितशोधन करते. पुस्तकं, स्मरणिका आणि पावसाळा सरता सरता दिवाळी अंक. दोन वर्षांपूर्वी माझ्या भाच्यानं अशीच थीम, म्हणजे विंडो, मेनू, बटणं कशी दिसावीत याचं रूप, बनवली होती. तेव्हा मी जे केलं त्यावरून माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं, म्हणजे त्याच्या वडिलांचं, वाजलं. ते अजून पुरतं मिटलेलं नाही.

माझा घरचा कॉम्प्युटर जुना. त्यावर विंडोज रांगायला लागलं तेव्हा भाच्यानंच लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली, तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाकून दिली. मॉनिटर तपकीर गल्लीतून आणलेला, साडेअठरा इंची, १३६६ बाय ७६८. जुनं टीएन पॅनल, म्हणजे स्वस्तातल्या जातीचा पडदा आहे, मान जरा खाली-वर केली की रंग बदलतात. भाच्याचा लॅपटॉप नवा, पडदा उत्तम. ही थीम त्या उत्तम पडद्यावर जन्मली. गडद राखाडी, त्यात जांभळ्याची छटा, बटणांचे कोपरे गोल. त्यानं स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकले, चाळीसेक अंगठे आले. ती बसवून एकानंही पाहिली नाही. आमच्या घरात त्याच्याखेरीज लिनक्स वापरणारी मी एकटीच. तेव्हा मी ती बसवली आणि दहा दिवस तिच्यातच काम केलं.

तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. थीमवर स्क्रीनशॉट पाहून मत देऊ नका. स्क्रीनशॉटमध्ये माऊस हलत नाही, मेनू उघडत नाही, डोळे दमत नाहीत. तुमचं रोजचं जे काही काम असेल ते आठवडाभर त्या थीममध्ये करा. कुठे अडखळलात ते त्या क्षणी लिहून ठेवा, संध्याकाळी आठवत नाही.

मी कुठे अडखळले ते सांगते. दिवाळी अंकाचं काम ऐन भरात होतं. एका दीर्घकथेची पहिल्या दुरुस्तीची फाइल आणि दुसऱ्या दुरुस्तीची फाइल, अशा दोन विंडो शेजारी शेजारी लावल्या होत्या. जुनी फक्त पडताळायला. नावं जवळजवळ सारखी. आपण कोणत्या विंडोत टाइप करतोय हे डोळा टायटलबारच्या, म्हणजे विंडोच्या वरच्या पट्टीच्या, रंगावरून ओळखतो. चालू विंडोची पट्टी ठळक, मागची फिकी. आपण असं ओळखतो हेही आपल्याला एरवी जाणवत नाही. त्या थीममध्ये दोन्ही पट्ट्या एकसारख्या होत्या. मध्येच फोन आला, उठले, बोलून परत बसले, आणि पुढचे दोन तास सगळ्या दुरुस्त्या जुन्या फाइलमध्ये करत राहिले. रात्री नवी फाइल पुढे पाठवली. दुसऱ्या दिवशी बटर, म्हणजे छपाईआधीची बटर पेपरवरची प्रत, हातात आलं तर तिसऱ्या पानावर 'कवयत्री'. आदल्या दिवशी 'कवयित्री' केल्याचं मला लख्ख आठवत होतं. छपाईची प्लेट बनायच्या आत सापडलं म्हणून निभावलं, पण सोळा पानं पुन्हा वाचावी लागली आणि पुन्हा बटर काढायचा खर्च मी माझ्या खिशातून दिला. सव्वीस वर्षांत माझ्या हातून अशी फाइल पुढे गेली नव्हती. ते मला फार लागलं, अजूनही लागतं.

मग मी दिसेल ते लिहायला लागले. टायटलबारची उंची इंग्रजीच्या मापाची होती. इंग्रजी जी आणि वायच्या शेपट्या जेमतेम बसायच्या, आपले उकार खालून कापले जायचे. 'कुटुंब' नावाची फाइल वर 'कटंब' दिसायची. एक्सएफसीईमध्ये ही पट्टी चित्रफायलींतून बनते, चित्र जेवढं उंच तेवढीच पट्टी, अक्षर मोठं झालं म्हणून ती वाढत नाही. त्याच्या सगळ्या स्क्रीनशॉटमध्ये फायलींची नावं इंग्रजी होती, म्हणून हे त्याला कधी दिसलंच नाही. मराठी मुलगा, मराठी घर, आणि थीम तपासताना एकही मराठी अक्षर नाही. हे मी त्याला तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगते.

मेनूतली अक्षरं गडद राखाडीवर मध्यम राखाडी होती. त्याच्या पडद्यावर सुरेख दिसायची, माझ्या मॉनिटरवर पार बुडायची. इथे 'मला वाचता येत नाही' एवढ्यावर थांबू नका, मोजा. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर काढता येतं, दोन रंग दिले की आकडा देणारी साधनं फुकट मिळतात. वेबसाठीचे सुलभतेचे जागतिक निकष, डब्ल्यूसीएजी, साध्या अक्षरांना किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांना ३ : १ मागतात. २०१८ सालच्या २.१ आवृत्तीपासून बटणं, चौकटी यांच्या कडांनाही ३ : १ हवं असतं. निकष वेबचे असले तरी डोळे तेच. त्याच्या मेनूचं गुणोत्तर ३ च्या आसपास निघालं. आकडा समोर ठेवला की 'आत्याचे डोळे पन्नाशीचे आहेत' हा मुद्दा उरत नाही.

विंडोची कड एकाच पिक्सेलची होती, माऊसनं धरायला गेलं की निसटायची. ऑल्ट दाबून माऊसच्या उजव्या बटणानं ओढलं तर विंडो लहान-मोठी होते, मला ठाऊक आहे. पण हे प्रत्येक वापरणाऱ्याला माहीत असेल असं धरून चालायचं कशाला? बंद असलेलं बटण आणि चालू असलेलं बटण यांतला फरकही ओळखू येत नव्हता.

अशी एकतीस कलमं झाली. तीन फुलस्केप पानं, प्रुफाच्या सवयीनं समास सोडून, लाल शाईत. गौरीजेवणाला दादाकडे कोथरूडला गेले तेव्हा पानं बरोबर नेली आणि जेवणं झाल्यावर भाच्याच्या हातात दिली. घरात पंधरा-वीस माणसं होती. त्यानं पहिलं पान वाचलं, घडी घातली आणि आत निघून गेला. दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "अगं, आठ महिने घालवलेत पोरानं. छान आहे म्हणायला तुझं काय जातं?" मी म्हटलं, माझी सोळा पानं गेली. त्यावर तो जे बोलला ते इथे लिहीत नाही. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की अर्धवट कामाला फक्त उत्तेजन द्यावं, चुका ज्याच्या त्याला यथावकाश दिसतात.

हे साफ चूक आहे. ज्यानं ती गोष्ट बनवली त्याला तिच्यातल्या चुका दिसत नाहीत. लेखकाला स्वतःच्या प्रुफातल्या चुका दिसत नाहीत, म्हणून तर माझा व्यवसाय आहे. काय लिहिलंय हे त्याला पाठ असतं, डोळा पुढे सरकतो. थीम बनवणाऱ्याला कोणतं बटण कुठे आहे हे पाठ असतं, त्याला ते अंधारातही सापडेल. आणि चूक सांगायची वेळ अर्धवट असतानाच असते. गॅली प्रुफात, म्हणजे पानं लावायच्या आधीच्या कच्च्या प्रुफात, ओळ हलवायला काही लागत नाही, प्लेट झाल्यावर लागतं. सगळं पुरं झाल्यावर तुम्ही सांगितलंत की पट्टीची उंची चुकली, तर त्याला ती सगळी चित्रं पुन्हा काढावी लागणार. मग तो काढणार नाही, आणि ते बरोबरच असेल.

आवडनिवड मात्र सांगू नका. मला जांभळा रंग अजिबात आवडत नाही. एकतीस कलमांत त्याचा उल्लेख नव्हता. लेखकाची शैली मला रुचली की नाही हे मी प्रुफाच्या समासात लिहीत नाही, तसंच हे. थीम त्याची आहे. मी अमुक करत होते, अमुक झालं, अमुक मॉनिटरवर, अमुक आवृत्तीत, आणि हा स्क्रीनशॉट. एवढंच.

त्याच्या हातात नसलेल्या गोष्टीही त्याच्या माथी मारू नका. व्हिडिओ दाखवणारं व्हीएलसी वेगळं दिसतं कारण ते क्यूटी या वेगळ्या पायावर चालतं, एक्सएफसीई ज्यावर उभं आहे त्या जीटीकेची थीम त्याला लागू होत नाही. ग्नोम या दुसऱ्या लिनक्स डेस्कटॉपची बरीचशी नवी अ‍ॅप्स लिबअद्वैता हा ग्नोमचा स्वतःचा साचा वापरतात, तीही बाहेरची थीम सहसा जुमानत नाहीत. ग्नोमच्या काही अ‍ॅपवाल्यांनी तर २०१९ मध्येच डिस्ट्रोवाल्यांना, म्हणजे लिनक्सच्या आवृत्त्या बांधणाऱ्यांना, जाहीर पत्र लिहून आमच्या अ‍ॅपना थीम लावू नका अशी विनंती केली होती. फ्लॅटपॅक या बंदिस्त पाकिटांच्या पद्धतीतून घेतलेल्या अ‍ॅप्सना तुमच्या होम फोल्डरातली थीम आपसूक दिसत नाही. माझ्या एकतिसांतली चार कलमं अशी निघाली. ती मी खोडली.

आता ज्यात माझं चुकलं ते. टायटलबारच्या सारख्या रंगाबद्दल मी त्याला सर्वात कडक शब्दांत लिहिलं होतं. नंतर कळलं, मागच्या विंडोची चित्रं त्यानं तात्पुरती चालूचीच नक्कल करून ठेवली होती. ते काम बाकी आहे हे त्याच्या वहीत लिहिलेलं होतं. मी आधी 'काय काय राहिलंय?' एवढं विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. तुम्ही ते पहिल्यांदा विचारा. आणि अर्धवट थीम घेऊन मुदतीच्या कामाला बसू नका, त्या सोळा पानांचा दोष माझ्याकडेही येतो. पंधरा माणसांत पानं दिली हेही चुकलं, त्यासाठी मी त्याची माफी मागितली. दादाची नाही मागितली, कारण दादाचा आक्षेप जागेला नव्हता, सांगण्यालाच होता.

जवळजवळ दोन महिने भाच्यानं त्या थीमला हात लावला नाही. भाऊबीजेला दादानं तेही ऐकवलं. पण त्यानंतर आठवड्याभरानं रात्री साडेअकराला भाच्याचा मेसेज आला, "आत्या, टायटलबार २४ ठेवू की २८? २४ मध्ये 'र्वां' वरून कापला जातोय." रफार आणि अनुस्वार एकत्र घेऊन तपासायचं त्याचं त्यालाच सुचलं होतं. माझ्या यादीत फक्त खालचे उकार होते. ग्रुपवरच्या चाळीस अंगठ्यांपैकी एकालाही त्यानं असं काही विचारलं नाही. दादा, तू हे वाचशील असं वाटत नाही, पण वाचलंस तर हा तो मेसेज.

नवी आवृत्ती आली त्यात सत्तावीसपैकी बावीस कलमं दुरुस्त होती. तीन त्यानं कारण देऊन नाकारली, कडेचा एक पिक्सेल त्यात आला, मी वाद घातला नाही. दोन राहिली आहेत. पण लिबरऑफिस या लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये मजकूर सिलेक्ट केला की मागे जी छटा यायची ती बदललेली. पहिल्या आवृत्तीत ती इतकी नेमकी होती की सिलेक्ट केलेल्या ओळीतला अनुस्वारही वेगळा दिसायचा. दिवसभर प्रुफं वाचणाऱ्या माणसाला याहून काय हवं? मी फोन करून विचारलं, ती का काढलीस? तो म्हणाला, "तू त्याबद्दल काहीच लिहिलं नव्हतंस. मला वाटलं तीही चालत नसेल."

तेव्हा तुमच्या मित्राला लिहाल त्या कागदावर काय हलवायचं नाही, तेही लिहा. छटा त्यानं परत आणली आहे, सध्या मी तीच वापरते. चाचणीला फायली हव्या असतील तर 'कुटुंब', 'सर्वांगीण', 'पुष्पौषधी' या नावांच्या बनवा आणि स्वस्तातल्या मॉनिटरवर उघडा.