पहिला डीएसएलआर घेताय? पैसे द्यायच्या आधी तासभर तरी हातात घ्या

ताई नमस्कार, मी चिपळूणला असतो, एफवायला आहे. पक्ष्यांचे आणि गावातल्या सणांचे फोटो काढायचे म्हणून दोन वर्षं पैसे साठवलेत. ओळखीतले एक लग्नाचे फोटोग्राफर त्यांचा निकॉन डी७२०० आणि १८-१४० लेन्स विकतायत. मित्र म्हणतात डीएसएलआर आता जुना झाला, मिररलेस घे. घेऊ का? आणि घ्यायचा तर तपासायचा कसा, मला तर काहीच कळत नाही.

घे, पण तपासून घे. डीएसएलआरमधे आत आरसा असतो, मिररलेसमधे तो नसतो, एवढाच मुख्य फरक. मित्रांचं म्हणणं खोटं नाहीये, निकॉन-कॅननची नवीन मॉडेल्स आता मिररलेसचीच येतात, पण त्यामुळेच तर चांगले डीएसएलआर विद्यार्थ्यांच्या बजेटमधे यायला लागलेत. डी७२०० हा २०१५ चा कॅमेरा, २४ मेगापिक्सेल, आणि मुख्य म्हणजे बॉडीतच फोकसची मोटर आहे. डी३५०० किंवा डी५६०० मधे ती नाही, तिथे ५० एमएम एफ १.८ डी सारखी जुनी स्वस्त लेन्स लावली तर फोकस हातानेच फिरवावा लागतो. तुझ्याकडे पुढे जुन्या लेन्सचा मोठा बाजार उघडा राहील.

आता तपासणी. सगळे पहिला प्रश्न विचारतात शटर काउंट किती, म्हणजे शटर किती वेळा उघडलंय. डी७२०० चं शटर कंपनीने दीड लाख क्लिकपर्यंत टेस्ट केलेलं आहे, त्यानंतर ते बंदच पडतं असं नाही, पण लग्नाच्या एका दिवसात दोन-तीन हजार क्लिक सहज होतात त्यामुळे विचारायलाच हवं. तुझं स्वतःचं कार्ड घेऊन जा, एक जेपेग काढ आणि ती फाइल लॅपटॉपवर एक्झिफटूलमधे (फोटोच्या फाइलमधली लपलेली माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघड, आकडा तिथेच दिसतो. व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या फोटोत तो सापडत नाही, पाठवताना ती माहिती गळून जाते, म्हणून "फोटो पाठवतो, घरी बघ" याला हो म्हणू नकोस. आणि अजून एक, व्हिडिओ कितीही तास काढला तरी काउंट जवळजवळ वाढतच नाही, त्यामुळे कॅमेरा व्हिडिओसाठी वापरला असेल तर आकडा कमी दिसणार आणि झीज मात्र झालेली असणार. म्हणून हाताने बघ: ग्रिपचं रबर सुटलंय का, वर फ्लॅश बसवतात ती पट्टी किती घासलीये, खाली ट्रायपॉडच्या आट्यात गंज आहे का. गंज असेल तर कॅमेरा कधीतरी भिजलाय, सरळ परत दे.

बॅटरीसाठी मेनूत बॅटरी इन्फो म्हणून आहे, तिथे बॅटरीचं वय ० ते ४ मधे दिसतं, ४ आलं तर नवीन बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून घे. कार्डाचे दोन्ही स्लॉट चालवून बघ. मग लेन्स एफ १६ वर (म्हणजे आतलं छिद्र बारीक करून) ठेवून आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो मुद्दाम आउट ऑफ फोकस काढ, मोठा करून कोपऱ्या-कोपऱ्यात बघ, करडे ठिपके दिसले तर ती सेन्सरवरची धूळ. धुळीला घाबरू नकोस, ती साफ होते (तोंडाने फुंकू नकोस मात्र, थुंकी उडते). फोकससाठी टेबलावर पेपर तिरका ठेव, लेन्स १४० वर (म्हणजे पूर्ण झूम करून), मधल्या एका मथळ्यावर फोकस लाव आणि बघ की तीच ओळ शार्प येते का तिच्या पुढची-मागची. आणि व्ह्यूफाइंडर धूसर दिसला म्हणून लगेच कॅमेरा खराब ठरवू नकोस, बाजूला डायॉप्टरचं (आपल्या नजरेच्या नंबराशी जुळवायचं) छोटं चाक असतं ते आधी फिरव.

एवढं सगळं सांगितलं पण माझा खरा जीव अडकलाय तो लेन्समधे. बॉडी आज ना उद्या बदलशील, लेन्स राहते. आणि तू कोकणात आहेस. मी माझी पहिली टेली (लांबचं जवळ दाखवणारी) लेन्स एका दुकानातून मे महिन्यात घेतली, ट्यूबलाइटखाली काच अगदी लख्ख दिसत होती, ऑगस्टमधे उन्हाकडे धरली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे बारीक धागे, कडेपासून मधे सरकत आलेले. बुरशी. ती एका पावसाळ्यात एवढी वाढलेली नव्हती, घेतानाच होती, मी बघितलीच नव्हती. साफ करून घेतली तरी काचेच्या कोटिंगवर तिने खाल्लेल्या खुणा राहिल्या, आणि उजेडासमोरचे त्या लेन्सचे फोटो आजही फिके येतात. म्हणून दोन्ही झाकणं काढ, अंधाऱ्या खोलीत मागून मोबाइलचा टॉर्च मार आणि लेन्स तिरकी करत करत हळूहळू बघ. चार-दोन धुळीचे कण चालतात. धागा एकही चालणार नाही.

घरी आणल्यावर कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवू नकोस, बॅग ओल धरून ठेवते. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि एक स्वस्तातलं आर्द्रता मीटर, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मधे राहू दे. निळं जेल गुलाबी झालं की स्वयंपाकाला न वापरायच्या जुन्या तव्यावर मंद आचेवर तापव, परत निळं होतं.

माझ्याकडे डी३५०० आहे. बाबांच्या एफएम१० ची ३५-७० लेन्स कपाटात साड्यांमधे डांबराच्या गोळ्यांसोबत सापडली. ती माझ्या कॅमेऱ्यावर चालेल का? (नाशिकहून एक वाचक)

बसेल, निकॉनचा एफ माउंट (लेन्स बॉडीला अडकते ती कडी) १९५९ पासूनचा आहे. पण तुमच्या कॅमेऱ्यावर फक्त एम मोडमधे (सगळं हाताने ठरवायचं), फोकस हाताने, आणि लाइट मीटर (उजेड मोजणारं) चालणार नाही. एक फोटो काढायचा, हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) बघायचा, उजेड कमी-जास्त करायचा, परत काढायचा. फोकस बसला की व्ह्यूफाइंडरमधे हिरवा ठिपका लागतो, तो मदतीला असतो. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर फिल्मपेक्षा लहान आहे, त्या क्रॉपमुळे ती साधारण ५२-१०५ सारखी वागेल, म्हणजे पोर्ट्रेटला छान, बाबांचेच काढा सगळ्यात आधी. डांबराच्या गोळ्या मात्र आजच लांब करा, निकॉनच्या मॅन्युअलमधेच लिहिलंय की कॅमेरा त्यांच्यासोबत ठेवू नका. आणि लावायच्या आधी वर सांगितलेली टॉर्चची तपासणी करा.

नवीन कॅनन १५००डी घेतोय. दुकानदार म्हणतो बिल नको असेल तर स्वस्तात देतो. फरक काय पडतो?

फरक वॉरंटीचा पडतो. बिलाशिवायचा माल बहुतेक वेळा बाहेरून आणलेला असतो आणि इथल्या सर्व्हिस सेंटरला दाखवायला तुमच्या हातात काही राहत नाही. जीएसटीचं बिल घ्या आणि बॉडीच्या तळाचा, खोक्यावरचा, वॉरंटी कार्डवरचा आणि बिलावरचा सिरीयल नंबर तिथे उभं राहूनच जुळवा, चारही. मुंबईत असाल तर एक दिवस फोर्टातल्या बोरा बाजारात जा, कॅमेऱ्याची दुकानं ओळीने आहेत, दोन-तीन ठिकाणी हातात धरून बघा, किमती विचारा, आणि त्या दिवशी पाकीट घरी ठेवून जा.