चुना, जिप्सम की गंधक? सामूबद्दल आलेले प्रश्न

माती परीक्षणाचे अहवाल हातात पडले की दर हंगामात तोच प्रश्न येतो: "साहेब, सामू जास्त आलाय, आता काय टाकू?" सामू (पीएच) म्हणजे माती किती आंबट किंवा किती अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा. या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी चारांची उत्तरे इथे देतो. पहिले उत्तर जरा लांबले आहे, पण ते समजले तर पुढची सोपी जातील.

मोसंबीची नवी पालवी पिवळी पडते, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अहवालात सामू ८.२ आणि चुनखडी १० टक्के आहे. शेजारी म्हणतात, जिप्सम टाका, सामू उतरेल. टाकू का? (जि. जालना)

नका टाकू. पैसे मातीत जातील आणि पालवी पिवळीच राहील.

सामू ७ म्हणजे ना आम्ल, ना अल्क. ७ च्या खाली आंबट बाजू, म्हणजे लिंबू, चिंच, ताक. वर अल्काची बाजू, म्हणजे चुना, धुण्याचा सोडा, राख. हळदीच्या हाताला साबण लावला की हात लाल होतो, ती अल्काचीच खूण. हळदीला चुना लावून कुंकू करतात तेही याच गुणावर. आणि सामूचा एक अंक म्हणजे दहापट फरक, हे विसरू नका. ८ आणि ९ शेजारी दिसतात, पण ९ ची माती दहापट अल्कधर्मी असते.

आता जिप्सम. चुन्यात कॅल्शियम आहे, जिप्सममध्येही आहे, म्हणून दोघांना एका माळेचे मणी समजले जाते. चुना अल्क आहे, तो आम्ल मारतो. जिप्सम स्वतः आम्लही नाही आणि अल्कही नाही, ते उदासीन मीठ (कॅल्शियम सल्फेट) आहे. मग ते तुमचा सामू कशाने उतरवणार?

तुमच्या बागेतली माती चमचाभर घ्या, चिनी मातीच्या बशीत ठेवा आणि वर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब सोडा. माती चुरचुरेल आणि पांढरा फेस येईल. आम्लाने चुनखडी विरघळते आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तोच हा फेस. गावच्या बैठकीत हा प्रयोग केला की मागच्या रांगेतले लोकही उठून बशीपाशी येतात. फेस जितका जोरात, तितकी चुनखडी जास्त.

मग गंधक टाकून ही चुनखडी संपवता येईल का? हिशेब करून पाहा. एका एकरातला वरचा वीतभर थर साधारण ९ लाख किलो भरतो. त्यात १० टक्के चुनखडी म्हणजे ९० हजार किलो. मातीतले जिवाणू गंधकाचे आम्ल करतात, आणि १०० किलो चुनखडी मारायला ३२ किलो गंधक लागते. म्हणजे एकरी जवळजवळ २९ टन! हे कोणाच्याच आवाक्यातले नाही. चुनखडी शिल्लक आहे तोवर सामू पुन्हा ८.२-८.३ वर येऊन बसणार, म्हणून सामूच्या मागे न लागता झाडाला लोह पोचवा. लोह मातीत भरपूर असते, पण या सामूला ते विरघळत नाही आणि मुळांना मिळत नाही. कोवळ्या पानांत आधी पिवळेपणा दिसतो, कारण जुन्या पानातले लोह झाड नव्या पानाकडे नेऊ शकत नाही.

लिटरला ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १ ग्रॅम लिंबूसत्त (सायट्रिक आम्ल) घेऊन, द्रावण ताजे असतानाच, उन्हे कलल्यावर पालवीवर फवारा. आधी दोन-तीन झाडांवर फवारून पाहा. द्रावण तांबूस झाले तर वापरू नका, त्यातले लोह गंजले आहे. जमिनीतून द्यायचे असेल तर ईडीडीएचए प्रकारचे चिलेट (लोह धरून ठेवून विद्राव्य ठेवणारे खत) घ्या, ते अशा सामूलाही टिकते. ईडीटीए हे दुसरे चिलेट चुनखडीच्या जमिनीत फार काळ टिकत नाही. आणि पाणी कमी करा. चुनखडीच्या जमिनीत आळे सतत ओले राहिले की पिवळेपणा वाढतो. पुष्कळ बागांत मला खताच्या कमतरतेपेक्षा जास्तीचे पाणीच आढळते.

उसाच्या रानाचा सामू ९.१ आहे. पाणी दिले की तळे साचते, वाळले की दगडासारखे होते. (जि. सांगली)

इथे मात्र जिप्समच पाहिजे. चुनखडीने सामू सहसा ८.५ च्या वर जात नाही, ९ च्या पुढे गेला की सोडियमवर संशय घ्यावा. ही जमीन चोपण, म्हणजे सोडियम साचून बिघडलेली, झाली आहे. चिकणमातीच्या कणांना सोडियम चिकटला की कण सुटे होतात, छिद्रे बुजतात आणि पाणी वरच थांबते. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो, मातीतल्या सोड्याची चुनखडी होते आणि सुटलेला सोडियम सल्फेट पाण्याबरोबर वाहून जातो. त्यानंतर सामू उतरतो.

वाहून जायला वाट मात्र हवी. आधी चर काढा आणि निचरा करा. निचरा नसलेल्या रानात जिप्सम टाकून 'फरक पडला नाही' म्हणणारे शेतकरी मला वर्षानुवर्षे भेटतात, आणि दरवेळी वाईट वाटते, कारण चूक जिप्समची नसते. मात्रा अहवालातल्या जिप्सम गरजेवरून ठरवा, शेजाऱ्याच्या पोत्यांवरून नको. जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळते, म्हणून बारीक घ्या, वरच्या थरात मिसळा आणि भरपूर पाणी द्या. नंतर धैंचा (हिरवळीच्या खताचे पीक) गाडा.

सामू ५.४ आहे. भाताआधी चुना टाकू का? (जि. रत्नागिरी)

भातासाठी घाई नको. खाचरात पाणी उभे राहिले की काही आठवड्यांत मातीचा सामू आपोआप ७ कडे सरकतो. चुन्याची गरज भातानंतरच्या भुईमुगाला किंवा वालाला असते. माती आम्लधर्मी असली की स्फुरद (फॉस्फरस) लोह आणि ॲल्युमिनियमला बांधला जातो आणि पिकाला मिळत नाही. कळीच्या चुन्याने हात भाजतात, म्हणून चुनखडीची भुकटी बरी. मात्रा प्रयोगशाळेला विचारूनच ठरवा, आणि पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी टाका.

चुना आणि अमोनियम सल्फेट एकाच दिवशी कधीच टाकू नका. वाटीत दोन्ही चिमूटभर घेऊन चार थेंब पाणी टाका आणि वाटी लांबूनच हुंगा. नाकाला झोंबेल तो अमोनिया, म्हणजे विकत आणलेले नत्र हवेत चालले आहे.

ठिबकच्या तोट्यांवर पांढरा थर बसतो. आम्ल किती सोडू?

हा थर बशीतल्या मातीत दिसली तीच चुनखडी, बोअरच्या पाण्यातून आलेली. लिटरभर बोअरचे पाणी घ्या, त्यात ड्रॉपरने थोडे थोडे आम्ल मिसळा आणि सामू पट्टीने पाहत राहा. सामू ४ झाला की थांबा. त्या प्रमाणात व्हेंच्युरीतून (ठिबकच्या पाण्यात खत-आम्ल ओढून घेणारे साधन) आम्ल सोडा, शेवटच्या तोटीच्या पाण्याचाही सामू ४ आला की पंप बंद करून २४ तास राहू द्या, आणि मग लॅटरलची (तोट्या बसवलेल्या नळ्यांची) टोके उघडून स्वच्छ पाणी वाहू द्या.

हातमोजे आणि चष्मा घालूनच कामाला लागा. आधी पाणी, मग त्यात आम्ल. उलट केले तर उष्णतेने आम्ल उसळून अंगावर येते. आणि ब्लीचिंग पावडरची प्रक्रिया वेगळ्या दिवशी, वेगळ्या बादलीत करा. दोन्ही एकत्र झाले तर क्लोरीन वायू सुटतो आणि बंद पंपघरात तो जीव घेऊ शकतो. आम्लाचा कॅन मुलांच्या हाताला लागणार नाही असा उंच ठेवा, आणि त्यावर मोठ्या अक्षरात नाव लिहा.