ओल्ड कोर्सवर चेंडू उडवायचा की घरंगळवायचा?

प्रश्न : आम्ही चौघे पुणेकर सप्टेंबरच्या सुरुवातीला स्कॉटलंडला गोल्फ खेळायला चाललोय. सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर एक फेरी खेळायची इच्छा आहे. हँडिकॅप (ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा) 18 ते 22. तिथे तळी नाहीत, झाडी नाही. मग तो अवघड का म्हणतात? ऑगस्टमध्ये इथे सराव काय करावा?

उत्तर : आधी वारांचं बघा. रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो. आगाऊ बुकिंग मिळालं नसेल, तर खेळायच्या दोन दिवस आधी सोडत निघते, तिच्यात नावं घाला. एकाच दिवसाच्या भरवशावर जाऊ नका, मुक्काम तीन-चार दिवसांचा ठेवा. हँडिकॅपचा दाखला सोबत असू द्या.

अवघड आहे ती जमीन आणि वारा. आपल्याकडे पावसाळ्यात चेंडू पडेल तिथेच रुततो, म्हणून थेट झेंड्यावर मारायची सवय लागते. तिथली जमीन वाळूची, कडक. चेंडू ग्रीनच्या (झेंड्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या) 20-30 यार्ड अलीकडे टाकला तरी घरंगळत वर जातो. अपवाद पहिल्या होलचा (टप्प्याचा) : ग्रीनच्या अगदी पुढ्यात स्विल्कन ओढा आहे, तिथे चेंडू उडवूनच पार करावा लागतो.

12 अंश बाउन्सची (तळाला तितका फुगवटा असलेली) वेज, म्हणजे चेंडू उंच उडवायची काठी, अशा जमिनीवर उसळते, तिची कड चेंडूच्या पोटात बसते आणि चेंडू ग्रीनपलीकडे. ग्रीनबाहेर 15-20 यार्डांपर्यंत सरळ पटर (चेंडू घरंगळवायची काठी) वापरा. लाज कसली! समोरून वारा असेल तर जोर लावू नका. जोराने बॅकस्पिन (चेंडूची उलटी फिरकी) वाढतो आणि चेंडू वर चढून जागीच पडतो. जास्त लांब मारणारा, म्हणजे आकड्याने दोनने लहान क्लब (काठी) घ्या, इंचभर खाली धरा, पाऊण स्विंग करा. ऑगस्टमध्ये हाच फटका घोटा. त्याला कोरडी जमीन लागत नाही.

बंकर (वाळूचे खड्डे) 112, त्यांतले बरेच टीवरून (पहिला फटका मारायच्या जागेवरून) दिसतच नाहीत. म्हणून कॅडी (बॅग उचलणारा, वाट सांगणारा सोबती) घ्याच. भिंती उभ्या, हिरवळीच्या थरांनी रचलेल्या. चेंडू भिंतीला टेकला असेल तर आडवा किंवा मागे काढा. तेही जमत नसेल तर 'अनप्लेएबल' (खेळता न येणारा) जाहीर करा : दंडाचा एक फटका घेऊन बंकरमध्येच ड्रॉप (चेंडू हाताने सोडणे), किंवा दंडाचे दोन फटके घेऊन झेंड्याच्या सरळ रेषेत बंकरच्या मागे, बाहेर.

आता 17वा, रोड होल. उजवीकडे हॉटेल आणि आउट ऑफ बाउंड्स (मैदानाच्या हद्दीबाहेर), ग्रीनच्या डाव्या अंगाला रोड बंकर, मागे रस्ता. रस्ता मैदानाचाच भाग आहे, त्यावरून फुकट सुटका नाही. तुमच्या हँडिकॅपला दोन फटक्यांत ग्रीन गाठायचा मोह नको. दुसरा फटका ग्रीनच्या अलीकडे, उजव्या बाजूला ठेवा आणि तिसरा पटरने, ग्रीनच्या लांबीच्या दिशेने. पटरसुद्धा जपून : 1978च्या ओपन स्पर्धेत जपानच्या नाकाजिमाने ग्रीनवरून पट मारताना चेंडू त्याच रोड बंकरमध्ये घातला आणि होल 9 फटक्यांत संपवला.